मुक्याचं हेल्मेट

"माझ्या टोळीत बाई नको," मुकादम पुन्हा म्हणाला आणि साहेबांच्या टेबलावरचा पेपरवेट उगाच सरकवला.

"कायदा बदललाय," साहेब म्हणाले. "आता बायकाही खाणीत उतरणार. आणि ही काय परकी आहे? तुमचीच मुलगी ना?"

"म्हणूनच नको. बाई खाली उतरली की खाण कोसळते."

साहेबांना हसू आवरेना. "अहो, आजवर एक तरी बाई उतरलीय का खाली?"

मुकादमाने पेपरवेट पुन्हा जागेवर ठेवला. उठून निघाला.

बाहेर पोरं कुजबुजलीच. म्हाताऱ्याने बायकांचा धसका घेतलाय म्हणे. घेणारच. मुलगी रांगत होती तेव्हा बायको पळून गेली, आणि त्याच सुमाराला जुन्या बोगद्याचं छत पडून जोडीदार गाडला गेला. 'मुका' म्हणायचे त्याला. किरकोळ अंगाचा, कोणाशी चकार शब्द न बोलणारा, पाळी सुटली की अंघोळीलाही न थांबणारा. त्याच्यामागे रडायला कोणी आलं नाही. मुकादमाच्या हाती फक्त त्याचं हेल्मेट लागलं. बोगद्याच्या तोंडाशी भिंत घातली. मुकादम अजूनही रोज वर येण्याआधी त्या भिंतीला कान लावून उभा राहतो, आणि पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

घरी मुलगी बूट चढवत होती.

"बाबा, आई तुम्हाला सोडून गेली, त्यात माझा काय दोष?"

"तिला नावं ठेवू नकोस."

"मी कुठे ठेवतेय? लोक ठेवतात. तुम्ही एकदा तरी कोणाचं तोंड धरलंत?"

त्याची मान खाली गेली. "भीती वाटते गं मला. त्या भिंतीवर आतून अजून कोणीतरी ठोकतंय."

"मग मलाही ऐकू द्या. मी उतरणारच. तुमच्या टोळीत नाही, तर दुसऱ्याच्या."

असा हट्ट त्याने याच घरात पूर्वीही ऐकला होता. तेव्हाही त्याचं काही चाललं नव्हतं.

त्याने माळ्यावरून फडक्यात गुंडाळलेलं मुक्याचं हेल्मेट काढलं. ते एका बाजूने चेपलं होतं.

"दुसऱ्याच्या नको. माझ्याच बरोबर चल. हे घाल."

कंपनीची सगळी हेल्मेटं तिच्या डोळ्यांवर घसरायची. हे चपखल बसलं.

"अय्या! मुकाकाकांचं डोकं एवढंसंच होतं?" ती हसली. "माप घेऊन केल्यासारखं बसलं की!"

मुकादमाने तिच्या हनुवटीखालचा पट्टा आवळला.

"बसणारच," तो म्हणाला. "तुझ्या आईचंच आहे ते."