पाण्याखाली सांगितलेलं

सासूबाईंच्या प्लेटमध्ये आजही कलिंगडाच्या दोनच फोडी होत्या.

भोवती मात्र खाण्याचा नुसता पूर आलेला. लांबलचक टेबलांवर भाजलेले मासे, वाफाळती सूप, नाना आकारांचे पाव, फळांचे ढीग, काचेच्या भांड्यांत थरथरणारी पुडिंगं. मनगटावर हॉटेलची निळी पट्टी असली की काहीही घ्या, केव्हाही घ्या, कोणी विचारत नव्हतं. समुद्राकडून वारा यायचा, पांढरे पडदे फुगायचे, पुन्हा सैल पडायचे, आणि सकाळ कुठे संपली नि दुपार कुठे लागली ते कळायचं नाही.

"एवढंच?" सुनेनं विचारलं.

"बघूनच पोट भरतं गं."

मुलगा अकाली गेल्यापासून त्यांचं हे असंच चाललं होतं. घरात दोघीच उरल्या होत्या. सून कामावरून आली की सासूबाई तिला गरम गरम वाढायच्या, समोर बसून ती जेवते की नाही ते बघायच्या, आणि स्वतः चार घास चिवडून उठायच्या. हवापालट म्हणून सुनेनं त्यांना इथे आणलं होतं. निदान सांगितलं तरी तसंच होतं. खरं म्हणजे तिला एक गोष्ट त्यांच्या कानावर घालायची होती, आणि घरात, नवऱ्याच्या फोटोसमोर, तिची जीभ रेटत नव्हती.

इथेही रेटत नव्हती. प्रत्येक जेवणाला ती शब्द जुळवून यायची, "आई, एक सांगायचंय," इथपर्यंत पोचायची, तेवढ्यात वाढपी हसतमुखानं काहीतरी पुढे करायचा, आणि ती म्हणायची, "हे आंबट आहे हं. तुम्ही खाऊ नका."

जेवण उरकून ती पाण्याखाली फिरायला जाणार होती. सासूबाईंनी काठावरच्या छत्रीखाली बसायचं, असं ठरलं होतं. पण होडीपाशी आल्यावर त्या म्हणाल्या, "मीही येते."

"आई, हे पोहणं नव्हे. पाठीवर हवेची टाकी घेऊन खाली उतरायचं असतं."

"मग? विहिरीत सूर मारायचे मी. मला वर काढता काढता माझी आई रडकुंडीला यायची."

काळा, घट्ट पोशाख त्यांच्या अंगात चढवताना दोघींची दमछाक झाली. "आता काढताना केळ्यासारखी सोलावी लागणार मला," सासूबाई म्हणाल्या. पाण्यात नेणाऱ्या बाईनं त्यांना आधी उथळ पाण्यात नळीतून श्वास घ्यायला शिकवलं. मग खुणा शिकवल्या. बोटांचं वर्तुळ केलं की सगळं ठीक. अंगठा वर केला की वर न्या.

"म्हणजे छान वाटलं तरी अंगठा दाखवायचा नाही," सासूबाईंनी पक्कं करून घेतलं.

तिघी हात धरून खाली गेल्या. वरचा सगळा गलका एकदम विझला. उरला फक्त श्वास, आपलाच, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. ऊन पाण्यातून तिरपं होऊन खाली येत होतं आणि वाळूवर त्याची जाळी हलत होती. पिवळ्या माशांचा थवा समोरून आला, त्यांना वाट देत दुभंगला, मागे जाऊन पुन्हा एक झाला. सासूबाई वजन नसल्यासारख्या तरंगत होत्या. त्यांचे पांढरे केस डोक्याभोवती सुटे पसरले होते. त्या कोणाच्या आई नव्हत्या, सासू नव्हत्या, विहिरीतून वर यायचं नाव न घेणारी कोणी पोर होत्या.

सुनेनं त्यांचा हात घट्ट धरला आणि तोंडातली नळी दातांत दाबून बोलायला लागली. आई, एक माणूस आहे. चांगला आहे. मी हो म्हटलंय. तुम्हाला एकटं टाकणार नाही, तुम्ही आमच्याबरोबर राहायचं, त्यालाही तसंच हवंय. पण तुमच्याकडे बघितलं की मला चोरासारखं होतं. तिच्या घशात नुसती गुणगुण होत होती, आणि शब्दांचे बुडबुडे होऊन वर उजेडाकडे चालले होते. काचेच्या आत डोळे भरून आले, ते पुसायची सोय नव्हती. सासूबाई एका निळ्या माशाकडे बघत होत्या. मग त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि बोटांचं वर्तुळ करून दाखवलं.

वर आल्यावर त्यांनी तो पोशाख सोलून घेतला. ओल्या केसांनीच तडक जेवणघरात गेल्या. भात घेतला, भाजलेला मासा घेतला, पाव घेतला, वर लोणी मागून घेतलं, आणि मान खाली घालून जेवू लागल्या. सून बघत राहिली.

अर्धा मासा संपल्यावर त्यांनी विचारलं, "तो जेवतो कसा गं?"

"कोण?"

"ज्याच्याबद्दल खाली बोलत होतीस, तो."

सुनेच्या हातातला चमचा तसाच राहिला. "तुम्हाला ऐकू आलं?"

"पाण्यात कुठलं ऐकू येतंय. पण माशांशी बोलताना कोणी रडत नाही. आणि फोन वाजला की बाल्कनीत पळतेस, तो फोन काय ऑफिसचा असतो रोज?"

वाढपी टोपली घेऊन आला. सासूबाईंनी त्याला हातानंच जरा थांबवलं.

"हळू जेवतो," सून म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. "फारच हळू. गप्पा मारत बसतो, पानातलं सगळं गार होतं. बाकीचे हात धुऊन येतात तरी हा आपला बसलेलाच."

सासूबाईंनी माशाचा एक लांब काटा सोडवला, प्लेटच्या कडेला नीट ठेवला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "घाईत जेवणारा एक होऊन गेला."