गाडीतला मुकुंद

नवा कायदा आल्यापासून चालत्या गाडीत फोन आला की फोनच मालकाच्या आवाजात बोलायचा आणि मालकाने रस्त्याकडे बघायचे. अपघात घटले होते, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

उद्या आईचे हृदयाचे ऑपरेशन. खंबाटकी उतरताना तिचा फोन आला, तेव्हा मुकुंदला वाटले, आज आपण स्वतः बोलावे. त्याने घाटाखाली गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केले आणि आईशी एव्हाना बोलू लागलेला फोन कानाला लावला.

"हां आई, रिपोर्ट पिशवीत भरलेस ना?"

"गाडी का थांबवलीस रे?"

"तुला कसं कळलं?"

"माहेरचं सांगत होते. आत्तापर्यंत 'मग पुढे काय झालं' म्हणून विचारत होतास."

"ते नंतर सांग. घाबरू नकोस, उद्या मी ऑपरेशन थिएटरच्या दारातच उभा आहे."

"तेच सांगायचं होतं, मुकुंदा. दारात नको थांबूस. आत नेण्याआधी मला फोनवर थोडं बोलायचंय. तेवढा वेळ जरा गाडी घेऊन चक्कर मारून ये."