टेकायला जागा

रस्ता रुंद करताना वडाची झाडं गेली, तेव्हा आबांनी गच्चीवर बाग फुलवली. "तपोवनातून गोदाकाठी येणाऱ्या पाखरांना मधे टेकायला जागा नको का?" असं म्हणायचे. पाखरं आली. त्याच बागेत एका सकाळी ते पाणी घालत असताना एका कावळ्याने त्यांच्या डोक्यात चोच मारली, तोल गेला आणि आबा तीन मजले खाली कोसळले.

स्मशानातून माणसं परतली, तशी त्यांची लेक शैला कोयता घेऊन गच्चीवर गेली. ती खाली आली तेव्हा वर एकही फांदी उभी नव्हती.

दहाव्याला घाटावर कावळा आला, पण पिंडाला शिवेना. तो सरळ शैलाच्या डोक्यावर झेपावला. पुन्हा पुन्हा, रक्त येईपर्यंत. एवढ्या माणसांत फक्त तिच्यावर.

"बघा, बापाचा जीव लेकीतच अडकलाय," आत्या डोळे पुसत म्हणाली. "काही इच्छा राहिली असेल त्याची. शब्द दे गं शैले, म्हणजे शिवेल."

शैलाने पदराने कपाळावरचं रक्त पुसलं.



गच्चीवरच्या पिंपातल्या चाफ्यावरच्या घरट्यातली कावळ्याची पिल्लं तिने टाचेखाली चिरडली होती, हे त्या घाटावर फक्त दोघांना माहीत होतं.