हसवायचं इंग्रजी

“जोक क्रॅक करतात आणि प्रँक प्ले करतात. उलटं केलंस तर बाई हसतील, पण तुला हसतील,” मास्तर म्हणाले. “हं, म्हण.”

“दे प्लेड अ प्रँक ऑन मी.”

“शाब्बास. ‘ऑन’ विसरला नाहीस.”

पॅकरने डाव्या हाताने वहीत गिचमिड उतरवून घेतली. उजव्या हाताचा फक्त अंगठा उरला होता, आणि नुसत्या अंगठ्याने पेन धरता येत नाही.

पाच महिन्यांपूर्वी, तो खोकी भरायच्या कामाला होता त्या माशांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, त्याला एक खोकं आणायला पाठवलं आणि मागून कडी घातली. त्याचा उजवा हातमोजा कुणीतरी आधीच ओला करून ठेवला होता. दाराबाहेर सोबत काम करणारा लंबू आणि त्याचे दोन दोस्त खिदळत होते, ते याला आतून ऐकू येत होतं. मग ते तिघं चहाला गेले आणि विसरले. चक्क विसरले! दीड तासाने कुणीतरी दार उघडलं. बोटं काळीठिक्कर पडली होती, चारही कापावी लागली. कंपनीने कागदावर ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं लिहिलं आणि त्यालाच घरी बसवलं.

आता मुख्य कचेरीतून एक बाई चौकशीला येणार होत्या. त्यांना फक्त इंग्रजी कळायचं. दुभाष्या मिळणार होता, पण तो कंपनीचाच माणूस, त्याच्यावर कोण विसंबणार? म्हणून पॅकरने स्वतःच बोलायचं ठरवलं. लंबूला हाकलावं आणि आपलं काम आपल्याला परत मिळावं, एवढंच त्याला हवं होतं.

मास्तर नेमके त्याच सुमारास समोरच्या खोलीत एकटेच राहायला आले. निवृत्त इंग्रजीचे शिक्षक, स्वभावाने कडक. रोज दुपारी तासभर शिकवायचे. पैशाचं नाव नाही, कपभर चहासुद्धा घ्यायचे नाहीत.

“फुकटात कोण शिकवतं हल्ली?” पॅकरची ताई शिलाई मशीनवरून पुटपुटायची. घर तिच्याच शिलाईवर चाललं होतं.

“इट वॉज अ व्हेरी कॉमेडी इन्सिडेंट,” पॅकरने एक दिवस जुळवून आणलं.

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. “कॉमेडी कशी होईल? फनी. मजा आली तर फन, हसू आलं तर फनी. एवढा फरक लक्षात ठेव.”

“पण मास्तर, मला कुठे हसू आलं होतं?”

“तुला नाही रे, बाईंना यायला हवं. त्यांच्यापुढे दिवसभर माणसं रडगाणं गातात. रडणाऱ्याचं कोण ऐकून घेतं? हसवणाऱ्याचं शेवटपर्यंत ऐकतात. बोटांचं अगदी शेवटी काढ.”

ताईने मशीन थांबवलं. “माझ्या भावाची बोटं गेलीत, आणि तुम्ही त्याला विनोद करायला शिकवताय?”

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. “ताई, तीस वर्षं वर्गावर उभा राहिलोय. पोरगं रडायला लागलं की समोरचा घड्याळाकडे बघतो. याचं कुणी ऐकावं, असं तुम्हाला वाटतं की नाही?”

ताईने मशीन पुन्हा सुरू केलं. तिसऱ्या आठवड्यात पॅकरने थंडीत ऊब यावी म्हणून आत कसा नाच केला ते करून दाखवलं, तेव्हा तीही पोट धरधरून हसली. मग मोरीत जाऊन नळ सोडून बराच वेळ रडली.

चौकशीच्या दिवशी लांबलचक टेबलाच्या एका टोकाला बाई बसल्या होत्या आणि भिंतीकडेला लंबू आणि त्याचे दोघे दोस्त. “दुभाष्या नको,” असं पॅकरने इंग्रजीत सांगितलं तेव्हा बाईंनी मान वर केली.

त्याचा एक शब्द चुकला नाही. दे प्लेड अ प्रँक ऑन मी. आत अंधारात मीही गोठलेल्या माशांना एक जोक क्रॅक केला, पण एकही मासा हसला नाही, व्हेरी टफ ऑडियन्स. बाई खुदकन हसल्या. मग त्याने उठून तो नाच करून दाखवला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते हसून. भिंतीकडेचे तिघंही खाली मान घालून हसत होते. मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे शेवट गोड करायला तो म्हणाला, “नो हार्ड फीलिंग्ज.” आणि उजवा हात वर केला.

“आय कॅन स्टिल गिव्ह यू अ थम्ब्ज अप!”

बाईंनी टाळ्या वाजवल्या.

अर्ध्या तासाने कारकुनाने निकालाचा कागद हातात दिला. पॅकर जवळजवळ धावतच फाटकाबाहेर आला. मास्तर उन्हात उभे होते.

“मास्तर, जिंकलो बहुतेक! बाई नुसत्या हसत होत्या. वाचा ना, मला एवढं भरभर वाचता येत नाही.”

मास्तरांनी चष्मा लावला आणि वाचता वाचता मराठीत सांगितलं. “‘तक्रारदाराने सगळा प्रकार स्वतः, दुभाष्याशिवाय आणि हसतखेळत सांगितला. मनात राग नसल्याचंही सांगितलं. ही सहकाऱ्यांमधली थट्टामस्करी होती आणि तक्रारदार तिच्यात खुशीने सामील होता. कुणावरही कारवाई करण्याचं कारण नाही. प्रकरण बंद.’”

“नाही, नाही. मास्तर, काहीतरी चुकतंय. परत वाचा.”

“मी इंग्रजी चुकीचं वाचत नाही,” मास्तर म्हणाले आणि कागदाची घडी घालून त्याच्या खिशात ठेवली.

पॅकर तिथेच फुटपाथवर खाली बसला. ताईला काय सांगायचं, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं. फाटकातून एक स्कूटर बाहेर आली आणि मास्तरांच्या पुढ्यात थांबली.

“चला, बाबा,” लंबू म्हणाला, “आई जेवायची थांबलीय.”