शेपटीवरचं कडं

अजगराच्या शेपटीचं टोक काळसर पडलेलं दिसलं तसा नलिनीताईंनी लेकीला फोन लावला. केतकी ट्रेकला गेली होती, तिचा फोन लागत नव्हता आणि तिचं हे लाडकं जनावर त्यांच्या भरवशावर होतं. त्यांना त्याची इतकी भीती, की पाण्याचं भांडंही त्या सांडशीने धरून त्याच्या पेटीत ठेवायच्या. शेवटी देवाचं नाव घेऊन त्यांनी पेटीच उचलली आणि प्राण्यांचा दवाखाना गाठला.

"कात तुकड्यांनी निघालीय," डॉक्टर म्हणाले. "हवा कोरडी असली की असं होतं. शेपटीवर राहिलेल्या कातेच्या कड्याने रक्त अडलंय. मी ते सोडवतो, तुम्ही त्याला धरा."

"मी? मी त्याला कधी हातही लावलेला नाही."

"आज लावा. मला दोन्ही हात लागतील."

कोमट पाण्यात भिजवलेला तो जड जीव हातात येताच त्यांनी डोळे मिटले. डॉक्टर ओल्या कापसाने शेपटी चोळू लागले, तसा त्याने नलिनीताईंच्या मनगटाला विळखा घातला.

"डॉक्टर, हा आवळतोय."

"घाबरलाय. आधार शोधतोय."

त्यांनी डोळे उघडले. त्याने डोकं त्यांच्या पदरात खुपसलं होतं.

"झालं हं, झालं," त्या पुटपुटल्या.

कडं सुटलं. टोक वाचतंय की नाही, ते मात्र दोन दिवसांनी कळणार होतं. परतताना पेटी मांडीवर घट्ट धरून त्या प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याला सांगत होत्या, "सावकाश घ्या हो, आजारी आहे."