मधली ताई

शिंप्याचे हात थरथरायला लागल्यापासून मोबाइलवरचे अर्ज थोरली बहीणच भरायची. ऑनलाइन सेवा वापरताना अपंगांचं कुठे अडतं, याचा अभ्यास करणारी मुलगी घरी आली. टेबलावर मोठा कागद पसरून म्हणाली, “अर्ज कसा भरता, त्याचं चित्र तिघं मिळून काढू.” शिंप्याने वाकड्यातिकड्या रेषांनी एका टोकाला स्वतःला काढलं, दुसऱ्या टोकाला मोबाइल आणि मध्ये भलीमोठी ताई. “अरे, मी एवढी जाडी?” “जाडी नाहीस गं. मध्ये आहेस.” मुलीने शिंप्याला विचारलं, “तुम्ही स्वतः का भरत नाही?” “ओटीपीचे आकडे टाकेपर्यंत वेळ संपतो, पोरी.” तिने मोबाइलशेजारी घड्याळ रेखाटलं. शिंप्याने त्यावर फुली मारली. “हे नसलं तर मीच भरेन.” मग ताईनेच पेन्सिल घेतली, स्वतःला खोडलं आणि खिडकीपाशी पाय पसरून बसलेलं काढलं. “इथे बरी आहे मी. अडलास तर हाक मार.”