एका घोंगडीवर

पडद्यावर लाल पट्टी उमटली आणि संस्थेच्या कॉम्प्युटरनं असा टाहो फोडला, की बाहेर बाभळीला बांधलेलं मेंढपाळ धोंडीबाचं कुत्रं भुंकता भुंकता गप झालं.

"सापडला!" ऑपरेटर नागनाथ खुर्चीतून उठलाच. "आबासाहेब, व्हायरस सापडला!"

जिंतूरच्या मेंढपाळ संस्थेचे चेअरमन आबासाहेब सरसावून बसले. कॉम्प्युटरलाही रोग लागतो हे कळल्यापासून त्यांनी त्या खोलीत चपलाच काय, शिंकणारा माणूससुद्धा येऊ दिला नव्हता. वर रोग मारायचे प्रोग्रॅमही दोन आणवले होते. एक नांदेडहून, एक औरंगाबादहून. एकाचा डोळा लागला तर दुसरा जागा.

"म्हनलं व्हतं ना, एकावर भागत न्हाई? मार त्याला."

नागनाथनं बटण दाबलं. लाल पट्टी गेली, तशी दुसऱ्या प्रोग्रॅमची निळी आली. तिलाही काहीतरी सापडलं होतं.

"ह्यालाबी घावला! मार, मार!"

लाल, निळी, लाल, निळी. नागनाथचं बोट दुखायला लागलं. आबासाहेब मोजत होते. एकेचाळीसपर्यंत मोजले, पुढं आकडा चुकला आणि खुशीत त्यांनी स्वतःसाठी नि धोंडीबासाठी चहा सांगितला.

धोंडीबा दोनदा पाय धुऊन उंबऱ्यात बसला होता. चराईच्या पासासाठी तीनशे बारा मेंढपाळांची यादी एकच्या एसटीनं परभणीला, वनखात्याच्या कचेरीत जायची होती. आज गेली नाही तर यंदा रान बंद. त्याची ऐंशी मेंढरं गावाबाहेर सडकेवर उभी होती. एका अंगाला रान, दुसऱ्या अंगाला लोकांची नुकती उगवलेली ज्वारी. बायको, कासाबाई, एकटी काठी घेऊन ज्वारीच्या आडवी उभी होती.

"माझा लंबर दोनशे सात हाय," त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं.

पट्ट्या थांबल्या. "झालं साफ," नागनाथ म्हणाला आणि त्यानं प्रिंटर लावला.

प्रिंटर खडखडला. कागद वर सरकला. एक. दोन. तीन. आकड्यांपुढं काहीच नव्हतं.

आबासाहेबांच्या हातातली बशी कलंडली. "नावं कुटं हायत?"

नागनाथनं भराभर बटणं दाबली. मग दाबायचा थांबला. त्याच्या कपाळावरून घाम सरळ कळफलकावर पडला.

"आबासाहेब... नांदेडवाला प्रत्येक नावावर आपला शिक्का मारायलाय. औरंगाबादवाल्याला तो शिक्काच रोग वाटायलाय. तो शिक्का खरवडतो, नावासकट. मग नांदेडवाला औरंगाबादवाल्याला चोर म्हनतो."

"फ्लॉपी? तिच्यावर यादीची नक्कल व्हती न्हवं?"

"आतच व्हती. तीबी साफ झाली."

"अर्ज काढ. कागदाचे."

"ते वाळवीनं खाल्ले म्हनून तर हे आनलं, आबासाहेब."

प्रिंटर खडखडतच होता. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजले होते.

धोंडीबानं कप खाली ठेवला. "सायेब, ह्या दोघायला एका घोंगडीवर निजवलं व्हतं का?"

"काय?"

"नवं कुत्रं आनलं की आमी त्याला आठ दिस जुन्याच्या घोंगडीवर निजवताव. एका ताटात भाकर घालताव. वास वळखीचा झाल्याबिगर राखनीला सोडत न्हाई. न्हाईतर ते एकमेकाची नरडी धरत्यात, मेंढरं पायाखाली जात्यात."

कुणी हसलं नाही. आबासाहेब तोंड उघडं ठेवून त्या पांढऱ्या कागदाकडं बघत होते.

"म्हंजी," धोंडीबा उठत सावकाश म्हणाला, "लांडगा आलताच न्हाई?"

नागनाथनं मान हलवली. नाही.

प्रिंटर दोनशे सातवर आला, क्षणभर अडखळला, आणि दोनशे आठकडं निघून गेला.